साबिराबाई चहाला थांबल्या

आमच्याकडे पहिलं मूल आजीचं असतं. माझ्या आकमारलचं चाळिसाव्या दिवसाचं न्हाणं झालं त्या दिवशी सासूबाईंनी तिला माझ्या मांडीवरून उचललं, आपल्या शालीत गुंडाळलं आणि म्हणाल्या, "ही माझी. पुढची तुझी." मी मान खाली घालून हो म्हटलं. त्यात रडण्यासारखं काही आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. माझा नवरासुद्धा त्याच्या आजीपाशीच वाढला होता. दूध मी पाजलं, पण निजायला ती त्यांच्याजवळ. बोलायला लागली तेव्हा त्यांना ती 'अपा' म्हणजे आई म्हणायला लागली आणि मला 'एजे', म्हणजे ताई. नंतर मला दोन मुलगे झाले. ते मला आई म्हणायचे आणि त्याच घरात, त्याच चुलीपाशी बसून माझी थोरली मला ताई म्हणायची. आमच्या साऱ्या गावाला, सारी-बुलाकला, हे ठाऊक होतं. बोलत मात्र कोणी नसे, कारण बोलण्यासारखं त्यात कुणाला काही दिसतच नव्हतं.

सासूबाईंचं नाव मी इथे लिहिणार नाही. सून सासूसासऱ्यांचं नाव घेत नाही, आणि त्या जाऊन इतकी वर्षं लोटली तरी माझी जीभ त्या नावाकडे वळत नाही. मी त्यांना एने म्हणत असे. इथेही एनेच म्हणते.

एने म्हणजे सगळ्या खोऱ्यात नावाजलेली बाई. शिर्दाक करावा तर त्यांनीच. लोकर कुटून केलेल्या जाड नमद्यावर नक्षी कापून, रंगाला रंग भिडवून त्या अशी सतरंजी शिवायच्या की लग्नात ती पसरली की लोक वधूकडे बघायचे विसरत. "शिर्दाक जवळून बघायचा नसतो," त्या म्हणायच्या. "दारात उभं राहून बघायचा. दारातून जो नीट दिसतो तोच नीट." आकमारल त्यांच्या गुडघ्याशी बसून सुईत दोरा ओवायची. बारीक टाके घालायची. तिची बोटं चांगली होती.

पण तिला लांबचं दिसत नव्हतं.

हे मला केव्हाच कळलं होतं. मी कालव्यावरून पाणी घेऊन यायची तेव्हा ती अंगणात असायची, आणि बादल्यांचा आवाज आला की मगच "एजे आली" म्हणायची. आवाज नसला तर मी फाटकात येईपर्यंत तिला मी दिसत नसे. एकदा धीर करून मी एनेंना म्हटलंही, "एने, आकमारल डोळे बारीक करून बघते असं वाटतं." एनेंनी सुई थांबवली. "माझ्या मुलीत खोट काढतेस?" एवढंच म्हणाल्या. सुनेनं त्यापुढे बोलायचं नसतं. मीही बोलले नाही. पण त्या दिवसापासून मला एकच काळजी. पोरीच्या डोळ्यांवर वेळेत काही झालं नाही तर काय?

त्या शरद ऋतूत मेंढ्या डोंगरावरून खाली आल्या आणि त्याच आठवड्यात शाळेत नवीन बाई आल्या. साबिराबाई. राजधानीतून, फ्रुंझेहून आलेल्या, केस कानापर्यंत कापलेले, पायात टाचांचे बूट. गावातल्या बायकांनी त्यांची चाल बघून पहिल्याच दिवशी ठरवलं की पहिल्या बर्फाबरोबर या परत जातील. बाईंना तिसरीचा वर्ग मिळाला, म्हणजे आकमारलचा. बोलायच्या भराभर आणि सरळ तोंडावर. माणूस वाईट नव्हतं, हे मी आधीच सांगून ठेवते.

पालकांची सभा भरली. आम्ही सगळे मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. एने पुढच्या बाकावर, मी त्यांच्या मागे, धाकटा मांडीवर. बाईंनी एकेका मुलाचं नाव घेऊन चारचौघांत सांगायला सुरुवात केली. हा आळशी, तो हुशार पण उर्मट, हिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. बाप माना खाली घालत होते. आया रुमालाआड घरी गेल्यावर काय करायचं ते ठरवत होत्या.

"आकमारल कोणाची?"

"माझी," एने म्हणाल्या.

"नाही, आजी, तुम्ही बसा. आई कोण?"

मी हलले नाही. पण बाईंना कोणीतरी सांगितलेलं असणार, कारण त्यांनी थेट माझ्याकडे बोट केलं. "जिपारकुल तुम्हीच ना? उभ्या राहा." मी उभी राहिले. "फळ्यावरचं एक अक्षर तुमची मुलगी उतरवत नाही. शेजारणीचं बघून लिहिते. तिला दिसतच नाही! डोळे तपासून घ्या, आणि लवकर घ्या. आई असून तुमच्या लक्षात कसं येत नाही?"

एनेंनी डोक्याचा रुमाल घट्ट केला. "चल," मला म्हणाल्या. बाहेर पडताना मागून कोणीतरी कुजबुजलं, "अगंबाई, आंधळी आहे की काय ती?" ते एनेंनी ऐकलं, हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं.

दुसऱ्या दिवशी आकमारल शाळेत गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. "चार अक्षरं येतात, पुष्कळ झालं," एने म्हणाल्या. "ती माझ्याजवळ लोकर पिंजेल. उन्हाळ्यात आमच्याबरोबर वर कुरणात येईल. मास्तरणींनी गावभर माझ्या मुलीला आंधळी ठरवलं. आता उद्या तिला कोण मागणी घालणार?" आणि जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "आणि मी कोण, तर आजी म्हणे. बसा म्हणे."

त्यांना जास्त काय लागलं होतं ते मला तिथेच कळलं.

मुख्याध्यापक तिला बोलावू शकले असते. पण मुख्याध्यापक एनेंच्या बहिणीचा मुलगा. लहानपणी साय चोरल्याबद्दल त्यांनी एनेंच्या पळीचा मार खाल्लेला. मोठ्या हुद्द्यावर गेले तरी आमच्या फाटकापुढून जाताना ते चालण्याचा वेग वाढवत.

मग साबिराबाई स्वतःच आल्या. उंबऱ्यातच उभ्या राहून बोलायला लागल्या. एनेंनी या, बसा म्हटलं तेव्हा दाराशीच, सतरंजीच्या कडेवर टेकल्या, जशा आत्ता उठायच्याच आहेत. आणि एनेंना ओलांडून मला म्हणाल्या, "जिपारकुल, तुम्ही बोला. आई तुम्ही आहात. मुलीला का पाठवत नाही?"

मी चहाच्या पाण्याच्या समोवारपाशी बसले होते. सासूपुढे मी काय बोलणार? मी पियाला पुसत राहिले.

"बाईंना चहा दे गं," एने गोड आवाजात म्हणाल्या. "भरून दे."

मी काठोकाठ भरला. आमच्याकडे पाहुण्याला चहा तीन बोटं ओततात. संपला की पुन्हा तीन बोटं, पुन्हा तीन बोटं, म्हणजे बसा, घाई नाही, आम्ही आहोत ओतायला. काठोकाठ भरलेला पियाला हातात आला की समजायचं, प्या आणि निघा. साबिराबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला, जीभ भाजत संपवला आणि म्हणाल्या, "धन्यवाद, आजी. मुलीला शाळेत न पाठवणं हा गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

"गुन्हा? बरं," एने म्हणाल्या. "बाईंचा पियाला रिकामा झाला वाटतं. पुन्हा भर."

मी पुन्हा भरला. त्यांनी पुन्हा धन्यवाद म्हटलं. समोरच्या नान-रोटीचा तुकडासुद्धा न मोडता गेल्या. दार लागल्यावर एने म्हणाल्या, "बिचारी. शहरात भूक लागत नसेल."

दोन दिवसांनी मी बाईंना कालव्यावर गाठलं. त्या पाणी भरायला आल्या होत्या. टाचांच्या जागी आता पायात रबरी बूट होते. मी बादल्या खाली ठेवल्या.

"बाई, इथे मी बोलू शकते."

त्या चमकल्या. "तुम्हाला बोलता येतं तर! मला वाटलं..."

"मुकी आहे?"

"तसं नाही. पण घरात तुम्ही एक शब्द..."

"घरात माझी सासू बसली होती. तुम्ही तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोललात. मी काय तोंड उघडणार?"

"पण आई तुम्ही आहात!"

"त्या घरात नाही," मी म्हटलं. "त्या घरात आकमारलची आई त्या आहेत. मी तिची ताई. तुम्ही सभेत त्यांना आजी म्हणून बसवलंत, तेव्हाच सगळं बिघडलं. डोळ्यांचं नंतर."

बाई म्हणाल्या, "मी बालगृहात वाढले. फ्रुंझेला. लढाईत आमचं कोणी राहिलं नाही. घरात कोण कोणाचं असतं ते मी पुस्तकात वाचलंय. पुस्तकात आई म्हणजे आई."

"हं. मग चहाचंही पुस्तकात नसणार."

"चहा मात्र तुमच्याकडे मोठ्या मनानं देतात. मी कौतुक केलं सगळ्यांकडे."

मी त्यांना चहाचं सांगितलं. बाई कालव्याच्या काठावर खाली बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "आणि मी वर धन्यवाद म्हटलं!"

"दोनदा."

"सगळ्या गावाला सांगितलं!"

"ते गावाला फार आवडलं, बाई."

हसू ओसरल्यावर त्यांनी चेहरा पुसला आणि मला जे विचारलं, त्यावरून ही बाई पहिल्या बर्फाबरोबर जाणाऱ्यातली नाही हे मी ओळखलं. त्यांनी विचारलं, "तुमच्या एनेंना काय येतं?"

काय आवडतं असं नाही विचारलं. काय येतं. मी शिर्दाकचं सांगितलं. लोक कुठून कुठून येतात, नक्षी मागतात, त्या कशा एका रेघेत मेंढ्याची शिंगं काढतात.

"कशानं काढतात?"

"खडूनं. काळ्या नमद्यावर पांढऱ्या खडूनं."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. पाणी वाहत होतं. मग दोघींना एकदमच हसू आलं.

"डोळ्यांचं मात्र तुम्ही काढू नका," मी बजावलं. "मी सांगून बघितलं. तुम्ही सांगून बघितलंत. आता कोणी सांगायचं नाही. आणि घरी आलात तर माझ्याकडे बघूसुद्धा नका."

माझी नात आयझान आता शहरात शिकवते. ती म्हणते, "पालक ऐकतच नाहीत." मी तिला विचारते, "तू बोललीस कुणाशी? त्या घरात ऐकणारं माणूस कोण, हे शोधलंस का?" ती फोनमध्ये डोकं घालते. असो.

साबिराबाई पुन्हा आल्या त्या बूट काढून, सरळ आत. एनेंनी दाखवलं तिथे, दारासमोरच्या मानाच्या जागी बसल्या. नान मोडला, सायीत बुडवून खाल्ला. आणि पहिल्याच वाक्यात म्हणाल्या, "अपा, यंदा गवत कसं झालं?" अपा. आईच्या वयाच्या बाईला सगळं गाव ज्या शब्दानं हाक मारतं, तो शब्द. एनेंनी मान वर केली.

गवत झालं, मेंढ्या झाल्या, पाय दुखण्यावर काय लावायचं ते झालं. चहा मी एनेंच्या भुवया बघून ओतत होते. पहिला पियाला अर्धा. दुसरा त्याहून कमी. तिसऱ्याला त्या म्हणाल्या, "अगं, थोडा ओत, निवतो," आणि माझ्या जिवात जीव आला.

"अपा, माझं एक अडलंय," बाई म्हणाल्या. "मुलींना हस्तकला शिकवायची आहे. माझ्याजवळ आहे ते बटणं लावायचं आणि एप्रन शिवायचं. शिर्दाक मला येत नाही. शाळेत कोणालाच येत नाही."

"मग शिकवा बटणं. पुढच्या पिढीत लोक बटणांवर बसतील."

"म्हणूनच आले. तुम्ही एक दिवस वर्गात येऊन शिकवलंत तर?"

"मी? मी काय मास्तरीण आहे? मला सही करता येत नाही."

"मला शिंग काढता येत नाही."

एने हसल्या. मोठ्यानं नाही, नाकातून. मग बराच वेळ सुईशी खेळत राहिल्या. "फळा केवढा आहे तुमचा?"

बाईंनी हात पसरून दाखवला.

"आणि खडू? तुटका नको मला. मऊ लागतो."

"तुम्हाला हवा तसा आणते. सामान धरायला मात्र कोणी घरचं लागेल. आकमारलला आणाल? तिचे टाके मी बघितलेत, बोटं अगदी तुमच्यासारखी आहेत तुमच्या मुलीची."

तुमच्या मुलीची. हे म्हणताना बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

शाळेच्या दिवशी एनेंनी थोरल्या बायका बांधतात तो सणाचा पांढरा फेटा बांधला. नमद्याची गुंडाळी मी खांद्यावर घेतली. आकमारल पुढे. मुख्याध्यापक दारात होते. एनेंना बघून त्यांनी आपोआप टोपी काढली. "काय रे, हात धुतलेस का?" एने म्हणाल्या, आणि पोरं खिदळली.

साबिराबाईंनी सगळ्यांना आपापल्या जागेवर बसवलं. आकमारलची जागा मागे, खिडकीशी. तिथेच बसवलं. एने फळ्यापुढे उभ्या राहिल्या. आधी फळ्यावरून हात फिरवला, नमद्याचा पोत बघतात तसा. मग खडू टेकवला तो उचललाच नाही. एक शिंग गेलं, वळलं, दुसऱ्याच्या पोटातून निघालं, चार शिंगं चार दिशांना, आणि रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिटली. वर्ग ओरडला. एने वळल्या तेव्हा त्यांचे गाल लाल झाले होते.

"काढा आता. बोलायचं नाही."

त्या हात मागे बांधून बाकांमधून फिरायला लागल्या, जशा जन्मभर हेच करत आल्या होत्या. एकाचा कान धरला, एकीची पाठ थोपटली. मी भिंतीशी उभी होते. आकमारलच्या बाकापाशी त्या पोचल्या आणि थांबल्या.

"हे काय काढलंस?"

"शिंगं, अपा."

"हा तर कावळ्याचा पंजा आहे. आपल्या घरातल्या शिर्दाकवरचा. फळ्यावर काय आहे?"

आकमारलनं फळ्याकडे बघितलं. डोळे बारीक केले, मग हळूच शेजारणीच्या वहीकडे नजर टाकली. "शिंगं. चार."

ती नजर एनेंनी पाहिली.

त्या सावकाश फळ्यापाशी गेल्या, कोपरा पुसला आणि पाठीआड काहीतरी काढलं. बाजूला झाल्या तेव्हा फळ्यावर एक किटली होती. तोटी, झाकण, मूठ, सगळं. वर्ग हसणार तेवढ्यात एनेंनी एकदाच बघितलं आणि सगळे चिडीचूप.

"वही मीट. समोर बघ. हे काय आहे, आकमारल?"

माझी पोर उभी राहिली. इतके डोळे बारीक केले की नाकाला सुरकुत्या पडल्या. शेजारणीची वहीही आता मिटलेली.

"शिंगच ना, अपा?"

कोणी हसलं नाही. मी साबिराबाईंकडे बघितलं. त्यांनी खिडकीबाहेर नजर लावली होती, जसं त्यांनी काही ऐकलंच नाही. इतकं बोलणारी बाई, त्या क्षणी एक अक्षर बोलली नाही. तेवढं साधणारे शिक्षक मी पुढे फार थोडे पाहिले.

एनेंनी किटली तळहातानं पुसली. "शिंगच," त्या म्हणाल्या. "बस."

घरी जाताना त्यांनी पोरीचं मनगट धरलं होतं. "तो घोडा कोणाचा गं?"

"कुठला घोडा?"

"काही नाही."

पुढे पुन्हा, "टेकडीवर बर्फ पडलंय का बघ."

"पडलं असेल," आकमारल म्हणाली. पोर हुशार, अंदाजानं चालवत होती. किती वर्षं अंदाजानं चालवत होती कोण जाणे. एनेंनी मग काही विचारलं नाही. घरापर्यंत त्यांचा हात मात्र सुटला नाही.

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "सूनबाई, बाईंना चहाला बोलाव."

बाई आल्या. मी ओतलं, तीन बोटं. एनेंनी घसा साफ केला.

"माझ्या एक लक्षात आलंय. आकमारलला लांबचं नीट दिसत नाही. तुमच्या लक्षात आलं होतं का?"

मी किटली घट्ट धरली. साबिराबाईंनी पियाल्यातून एक घोट घेतला. सावकाश घेतला.

"तुमच्याइतकं स्पष्ट नव्हतं आलं, अपा."

"तुमच्यापुढे एवढी पोरं. कोणाकोणाकडे बघणार तुम्ही," एनेंनी त्यांना माफ करून टाकलं. मी तळलेले बोरसोक आणण्याच्या निमित्तानं बाहेर गेले आणि ओसरीत तोंडात रुमालाचं टोक कोंबून हसून घेतलं.

परत आले तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं. एने चटईकडे बघत होत्या. "चष्मा लावतील. चष्मेवाल्या मुलीला कोण करून घेईल? खरं सांगा, बाई."

मला वाटलं, आता बाई म्हणणार, हल्ली असं काही नसतं. शहरातले लोक असंच म्हणतात. पण त्या म्हणाल्या, "ते मला नाही सांगता येणार, अपा. मला माहीत नाही. पण तुम्हीच म्हणता ना, शिर्दाक दारातून बघायचा असतो? तिला दारातून शिर्दाक दिसत नाही. टाके ती जन्मभर घालेल. नक्षी तिला कधीच धरता येणार नाही."

समोवार गुणगुणत होता. एनेंनी गुडघ्यावरच्या कपड्याची सुरकुती हातानं सारखी केली, पुन्हा केली.

"ओत गं," त्या म्हणाल्या. "आणि नवऱ्याला सांग, ट्रक नारिनला कधी जातोय ते बघ. मी पोरीला घेऊन जाणार. तूही चल. तुला वाचता येतं."

नारिनच्या दवाखान्यात डॉक्टरीण रशियन होती. जाड, दमलेली, पण हात मऊ. तिनं विचारलं, "मुलीची आई कोण?" मी जमिनीकडे बघितलं. एने म्हणाल्या, "मी." डॉक्टरणीनं एकदा त्यांच्या सुरकुत्यांकडे आणि एकदा पोरीकडे बघितलं, पण पुढे विचारलं नाही. ती बाई शहाणी होती. "आणि ही तिची एजे," एने म्हणाल्या. "जे सांगायचं ते हिलाही नीट समजावून सांगा. ही विसरत नाही." तेवढ्या त्या वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली.

दोन्ही डोळ्यांना लांबचं कमी दिसत होतं, त्यात एक डोळा आळसावला होता, पण अजून हाताबाहेर गेला नव्हता. चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधायची, दुसऱ्याला कामाला लावायचं, आणि चष्मा. "वेळेत आणलंत," डॉक्टरीण म्हणाली.

"माझ्या लक्षात आलं म्हणून," एने म्हणाल्या.

मग चष्मा आला. गोल काचांचा, तपकिरी काड्यांचा. दृष्ट लागू नये म्हणून एनेंनी आधी आर्चाच्या झाडाची वाळकी डहाळी पेटवून त्याला इतकी धुरी दिली की काचा काळ्या झाल्या. आकमारल चष्मा लावून म्हणाली, "अपा, आता तर काहीच दिसत नाही." मग मी तो कोमट पाण्यानं धुतला. गावात एनेंनी स्वतः फिरून सांगितलं, वाचून वाचून मुलीला चष्मा लागला, फार वाचते, काय करणार. वसंतापर्यंत दोन घरच्या आया साबिराबाईंना विचारून गेल्या की आमच्या मुलीलाही मिळेल का असा.

पण मला सांगायचीय ती चष्मा आला त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी बादल्या घेऊन कालव्याला निघाले. आमच्या घराकडून वाट जिथे वळते तिथे पॉप्लरचं एक झाड होतं. त्याच्यापाशी मी रोज थांबायची. मागे वळून अंगणात खेळणाऱ्या पोरीकडे बघायची. दोन श्वास घ्यायची आणि पुढे जायची. ती खाटेवरून उतरून चालायला लागली तेव्हापासूनचं ते. कोणाला सांगायचं कारण नव्हतं, आणि तिला ते दिसायचं कारण नव्हतं.

त्या दिवशी मी वळले तर ती फाटकात ताठ उभी होती. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यावर काच चमकत होती.

"एजे!" ती ओरडली. "तू तिथे थांबतेस?"

"हो!"

"मागे बघतेस?"

"हो!"

"रोज?"

"रोज!"

ती नुसती बघत राहिली, इतक्या लांबून. तिच्यामागे दारात एने येऊन उभ्या राहिल्या होत्या, पिठाचे हात कोपरापर्यंत. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी बादल्या धरून तशीच उभी. आता घरी गेल्यावर काय ऐकावं लागेल ते मनात येऊन गेलं.

"अगं, नुसती खांबासारखी उभी काय राहिलीस?" एने तिथूनच ओरडल्या. "ठेव त्या बादल्या खाली आणि हात कर की पोरीला! दिसतं तिला आता."